पहिला रुपया मोजणीसाठी : रायपूरचे पोलाद आणि उत्सर्जनकपातीचे सरकारी साहाय्य

भारतातील पोलाद-उद्योगाची चर्चा भिलाई, जमशेदपूर, राऊरकेला अशा मोठ्या एकात्मिक कारखान्यांभोवती फिरत असते. परंतु विदर्भ-मराठवाड्यातील सामान्य घराच्या स्लॅबमध्ये जी सळई पडते, तिचा भाव पुष्कळदा रायपूर आणि जालना येथील बिलेटच्या, म्हणजे सळई लाटण्यासाठी ओतलेल्या पोलादी कांड्यांच्या, रोजच्या दरावर ठरतो. रायपूर हे देशातील दुय्यम पोलाद-उद्योगाचे, म्हणजे खनिजापासून सळईपर्यंतची सर्व कामे एकाच प्रचंड कारखान्यात न करता ती लहान-मध्यम कारखान्यांत वाटून घेणाऱ्या उद्योगाचे, एक प्रमुख केंद्र आहे. शहराच्या उत्तर अंगाला असलेल्या उर्ला, सिलतरा, बोरझरा आणि भनपुरी या औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्नच्या भट्ट्या, इंडक्शन फर्नेस, रोलिंग मिल आणि फेरो-ॲलॉयचे कारखाने दाटीने उभे आहेत. येथून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी करण्यासाठी शासनाने कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटींवर पैसा द्यावा, हा प्रश्न रायपूरपुरता मर्यादित नाही. जालना, चंद्रपूर, मंडी गोविंदगड, भावनगर अशा प्रत्येक पोलाद-केंद्राचे पुढील काही दशकांतील भवितव्य त्याच्या उत्तराशी बांधलेले आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच त्याच्या प्रांताची राजधानी होती. मुंबई-हावडा लोहमार्गाने आणि महामार्गाने रायपूर आजही विदर्भाच्या बाजारपेठेशी जोडलेले आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले, त्यानंतरच्या दशकात येथे स्पंज आयर्नचे कारखाने झपाट्याने वाढले आणि त्यामागची कारणे भूगोलातच होती. दक्षिणेला बैलाडिला आणि दल्ली-राजहरा येथे लोहखनिज, उत्तरेला कोरबा येथे कोळसा, जवळच औष्णिक वीज आणि मध्यावर रेल्वेचे जंक्शन, असा योग देशात फार थोड्या ठिकाणी जुळून येतो.

कार्बन कोठे निघतो

शासकीय साहाय्याचे मूल्यमापन करण्यापूर्वी उत्सर्जन नेमके कोणत्या टप्प्यावर होते हे समजून घेणे आवश्यक आहे. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग; त्यातील प्राणवायू काढून घेण्याच्या क्रियेला क्षपण म्हणतात. झोतभट्टीत हे काम कोक करतो आणि लोखंड वितळून बाहेर येते. रायपूरच्या पद्धतीत मात्र किंचित उताराच्या, सावकाश फिरणाऱ्या लांब नळकांड्यासारख्या भट्टीत, म्हणजे रोटरी किल्नमध्ये, खनिज, साधा दगडी कोळसा आणि थोडा डोलोमाइट एकत्र सोडला जातो आणि सुमारे १,००० अंश सेल्सिअस तापमानाला कोळशापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातील प्राणवायू ओढून घेतो. लोखंड वितळत नाही. प्राणवायू निघून गेल्याने ते सच्छिद्र होते, म्हणून त्याला स्पंज आयर्न हे नाव पडले. २००३ पासून भारत हा जगातील सर्वांत मोठा स्पंज आयर्न उत्पादक देश आहे, २०२३-२४ मध्ये देशाचे उत्पादन पाच कोटी टनांवर गेले होते, आणि त्यातील फार मोठा भाग कोळशावर तयार होतो.

एक टन स्पंज आयर्नसाठी भारतीय प्रतीचा साधारण सव्वा टन कोळसा लागतो आणि त्यातून सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. हे स्पंज आयर्न भंगाराबरोबर इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या चुंबकीय क्षेत्राने धातू वितळवणाऱ्या भट्टीत, जाते तेव्हा टनामागे ६०० ते ८०० युनिट वीज खर्च होते. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरल्यास या टप्प्यावर आणखी अर्धा टन जमा होतो. शेवटी रोलिंग मिलमध्ये थंड झालेले बिलेट पुन्हा तापवावे लागले, तर त्यासाठी जळणाऱ्या कोळशाची भर पडते. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हरित पोलादविषयक आराखड्यानुसार भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सरासरी २.५४ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर जागतिक सरासरी १.९१ टन आहे. देशाच्या एकूण उत्सर्जनात पोलाद-उद्योगाचा वाटा १० ते १२ टक्के आहे. उत्पादनाच्या एका एककामागे होणाऱ्या या उत्सर्जनाला उत्सर्जन-तीव्रता म्हणतात, आणि भारतीय धोरणाचा सगळा भर एकूण उत्सर्जनावर तत्काळ मर्यादा घालण्याऐवजी ही तीव्रता उतरवण्यावर आहे, कारण पोलादाचा दरडोई वापर जगाच्या तुलनेत अजून कमी असलेल्या देशाला उत्पादन वाढवावेच लागणार आहे.

याच प्रक्रियेत बचतीच्या जागाही दडलेल्या आहेत. किल्नमधून बाहेर पडणारा वायू ९०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो वातावरणात सोडून देण्याऐवजी बॉयलरमधून फिरवला तर दिवसाला १०० टन क्षमतेच्या भट्टीवर सुमारे दोन मेगावॅट वीज तयार होते. म्हणजे टनामागे जवळपास ४८० युनिट, इंडक्शन फर्नेसच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग. भट्टीतून उरणारा अर्धवट जळलेला कोळसा, ज्याला कारखान्यांत डोलोचार म्हणतात, तोही विशिष्ट बॉयलरमध्ये जाळता येतो. कास्टिंग मशीनमधून निघालेले लालबुंद बिलेट थंड न करता थेट रोलिंगला नेले तर पुन्हा तापवण्याची भट्टी लागतच नाही. या हॉट चार्जिंग पद्धतीचा रायपूरच्या मिलना चांगला परिचय आहे. तंत्र ठाऊक असूनही ते सर्वत्र का पोहोचत नाही, याचे उत्तर शोधताना शासकीय साहाय्याचा इतिहास पाहावा लागतो.

क्योटोचा पैसा आणि टिकून राहिलेले बॉयलर

उत्सर्जनकपातीसाठी बाहेरचा पैसा रायपूरला प्रथम मिळाला तो भारत शासनाच्या तिजोरीतून नव्हे, तर आंतरराष्ट्रीय करारातून. १९९७ चा क्योटो करार फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला. त्यातील स्वच्छ विकास यंत्रणेनुसार विकसनशील देशातील कारखान्याने प्रकल्प उभारून उत्सर्जन घटवले, की प्रत्येक टनामागे त्याला एक प्रमाणपत्र मिळे आणि विकसित देशांतील कंपन्या ते विकत घेऊन आपले बंधन पूर्ण करीत. रायपूर परिसरातील स्पंज आयर्न उत्पादकांनी ही संधी लवकर ओळखली. सिलतरा येथील गोदावरी पॉवर अँड इस्पात या कंपनीचा वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारा ७ मेगावॅटचा वीजप्रकल्प या यंत्रणेखाली नोंदवल्या गेलेल्या आरंभीच्या भारतीय प्रकल्पांपैकी आहे.

या यंत्रणेत एक मूलभूत प्रश्न सतत विचारला जाई, तो अतिरिक्ततेचा. प्रमाणपत्राच्या पैशाविना हा प्रकल्प उभाच राहिला नसता, असे कंपनीला दाखवून द्यावे लागे. कारण जे काम कंपनी स्वतःच्या फायद्यासाठी करणारच होती, त्याला पैसा दिल्याने वातावरणात जाणारा एकही टन कमी होत नाही. विजेचे दर वाढत असताना फुकटच्या उष्णतेपासून वीज करणे हे आपोआपच फायद्याचे नाही काय, अशी शंका अभ्यासकांनी या प्रकल्पांविषयी घेतली आणि ती निराधार नव्हती. दुसऱ्या बाजूने, बँकेला अपरिचित असलेल्या तंत्रावर पहिले मोठे कर्ज काढताना प्रमाणपत्रांच्या अपेक्षित उत्पन्नाने उद्योजकाला धीर दिला, हेही नाकारता येत नाही.

२००८ च्या सुमारास २० युरोंच्या वर गेलेला या प्रमाणपत्रांचा भाव २०१२ अखेर एका युरोच्याही खाली कोसळला आणि हा झरा आटला. बॉयलर मात्र बंद पडले नाहीत, कारण तोवर त्यांनी दिलेल्या विजेने स्वतःची किंमत सिद्ध केली होती. या घटनाक्रमातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की आरंभीचा धोका आणि भांडवली भार उचलणारी मदत, नंतर स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या कामाला दिली, तर ती मदत थांबल्यावरही कपात टिकते. दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे: प्रकल्पाची आखणी, मोजणी आणि त्रयस्थ पडताळणी यांचा खर्च प्रकल्प लहान असला तरी फारसा घटत नसल्यामुळे ही यंत्रणा मोठ्या, सुसज्ज कंपन्यांच्याच आवाक्यात राहिली. एकट्या लहान भट्टीला ती कधी परवडली नाही.

उंबरठ्याखालचे कारखाने

भारत शासनाची स्वतःची यंत्रणा २०१२ मध्ये सुरू झाली. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’, अर्थात पॅट योजनेच्या २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरीत आठ उद्योगांतील ४७८ मोठ्या ऊर्जाग्राहकांना उत्पादनामागील ऊर्जावापर किती घटवायचा याचे उद्दिष्ट दिले गेले. उद्दिष्टापेक्षा अधिक बचत करणाऱ्याला एक टन तेलाइतक्या ऊर्जेमागे एक प्रमाणपत्र मिळे आणि कमी पडणाऱ्याला ते विकत घ्यावे लागे. या फेरीत ८६.७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचली आणि सुमारे ३.१ कोटी टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळले, असे ब्युरोने जाहीर केले. रोख अनुदान न देता शिस्त आणि बाजार यांच्या जोरावर साधलेले हे यश मोठे आहे.

तथापि योजनेच्या आखणीतच एक उंबरठा होता. लोह-पोलाद क्षेत्रात आरंभी वर्षाला ३०,००० टन तेलाइतकी किंवा त्याहून अधिक ऊर्जा वापरणाराच कारखाना तिच्या कक्षेत येत असे. दिवसाला १०० टन क्षमतेची एक भट्टी वर्षातील ३०० दिवस चालली, तर ती सुमारे ३०,००० टन स्पंज आयर्न तयार करते. त्यासाठी जळणाऱ्या ३६ ते ४० हजार टन कोळशातील ऊर्जा, भारतीय कोळशाची प्रत लक्षात घेता, १६ ते १८ हजार टन तेलाइतकी भरते. वर्षाला तेवढेच बिलेट ओतणाऱ्या इंडक्शन फर्नेसची वीज सुमारे २.१ कोटी युनिट, आणि योजनेच्या रूपांतर-सूत्राने ती जेमतेम १,८०० टन तेलाइतकी होते. अनेक भट्ट्या आणि स्वतःची वीजकेंद्रे असलेल्या कंपन्या या रचनेत आल्या. एक-दोन भट्ट्यांचा किंवा केवळ फर्नेस-मिलचा कारखाना बाहेर राहिला. त्याच्यावर बंधन आले नाही, त्याचबरोबर बंधनामुळे लागणारी मोजणीची शिस्तही आली नाही.

बाजाराच्या बाबतीतही पॅटचा अनुभव बोलका आहे. पहिल्या फेरीत सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रे दिली गेली आणि खरेदीचे बंधन मात्र सुमारे १४ लाखांचेच होते. सप्टेंबर २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात वीज-विनिमय केंद्रांवर सुमारे १३ लाख प्रमाणपत्रांचा, जवळपास १०० कोटी रुपयांचा व्यवहार झाला. उरलेली प्रमाणपत्रे ग्राहकाविना राहिली. उद्दिष्ट सैल असेल तर ज्याने प्रामाणिकपणे गुंतवणूक केली त्याच्या हाती न खपणारा कागद राहतो आणि पुढच्या गुंतवणुकीची उमेद खचते.

कार्बनचा नवा बाजार आणि हरित पोलादाची व्याख्या

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने केंद्र शासनाला कार्बन बाजार स्थापण्याचा अधिकार दिला आणि २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली. पॅटमध्ये मोजमाप ऊर्जेचे होते. येथे ते थेट हरितगृह वायूंचे आहे. उत्पादनाच्या टनामागील उत्सर्जनाचे उद्दिष्ट ओलांडून अधिक कपात करणाऱ्याला प्रत्येक टनामागे एक क्रेडिट मिळते. उद्दिष्ट न गाठणाऱ्याने तितकी क्रेडिट विकत घ्यावयाची, अन्यथा सरासरी बाजारभावाच्या दुपटीइतकी पर्यावरण भरपाई द्यावयाची, असा नियम आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या पहिल्या उद्दिष्टांत सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद हे चार उद्योग आले. बलोदाबाजार पट्ट्यातील सिमेंट कारखाने आणि कोरबा येथील बाल्कोचा ॲल्युमिनियम प्रकल्प यांमुळे छत्तीसगढ या बाजाराच्या पहिल्याच टप्प्यात उतरले आहे. लोह-पोलाद हेही योजनेत अंतर्भूत क्षेत्र असल्याने रायपूरच्या मोठ्या स्पंज आयर्न कंपन्यांना आपला हिशेब मांडावाच लागणार आहे. बंधन नसलेल्या घटकांनाही प्रकल्प नोंदवून क्रेडिट मिळवता यावीत, यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये योजनेत स्वतंत्र तरतूद केली गेली. लहान कारखान्यांच्या दृष्टीने तीच अधिक आशादायक आहे.

१२ डिसेंबर २०२४ रोजी पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या प्रसिद्ध केली आणि असे वर्गीकरण करणारा भारत हा पहिला देश ठरला. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांहून कमी कार्बन डायऑक्साइड-समतुल्य उत्सर्जन असेल तरच पोलाद हरित, २.० ते २.२ ला तीन तारे, १.६ ते २.० ला चार आणि १.६ च्या खाली पाच. प्रमाणपत्र देण्याचे आणि त्यासाठीच्या मोजणीचे काम मंडी गोविंदगड येथील राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडे, म्हणजे मुळात लहान कारखान्यांसाठीच स्थापन झालेल्या संस्थेकडे, सोपवले गेले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. या व्याख्येत रायपूरसाठी स्पष्ट वाट दिसते. भंगाराचे प्रमाण वाढवणारी, उष्णतेपासून किंवा सूर्यापासून वीज घेणारी आणि बिलेट गरम असतानाच रोल करणारी मिल २.२ च्या रेषेखाली येऊ शकते. केवळ कोळशाच्या स्पंजवर आणि ग्रिडच्या विजेवर चालणाऱ्या मिलला ते अवघड आहे. मात्र ताऱ्यांना बाजारात किंमत यायची असेल तर रस्ते, पूल आणि सरकारी घरे बांधणाऱ्या खात्यांनी आपल्या निविदांत हरित पोलादाचा ठरावीक वाटा मागितला पाहिजे. शासन देऊ शकेल अशा साहाय्यांत खरेदीची हमी सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक आहे, कारण तीत तिजोरीतून अनुदान न जाता नफ्याची दिशा बदलते.

लहान उद्योगांसाठीचा पैसा

उंबरठ्याखालच्या कारखान्यांसाठी गेल्या काही वर्षांत केंद्राच्या स्वतंत्र योजना आल्या आहेत. त्यांतील मुख्य योजना १५ जुलै २०२५ रोजी पानिपत येथे सुरू झाली. ‘अदिती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडून चालवल्या जाणाऱ्या या १,००० कोटी रुपयांच्या योजनेत ऊर्जाबचतीची यंत्रणा बसवण्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघू उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे, आणि त्या यंत्रणेमुळे ऊर्जेत किमान १० टक्के बचत झाल्याचे दाखवणे आवश्यक आहे. गुंतवणुकीच्या दर्जाचे ऊर्जा-लेखापरीक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल आणि बसवल्यानंतरची पडताळणी यांसाठीही तीत वेगळी तरतूद आहे, हे तिचे खरे वैशिष्ट्य. याशिवाय सूक्ष्म व लघू उद्योगांच्या हरित गुंतवणुकीवर २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला २ टक्के व्याजसवलत देणारी ‘गिफ्ट’ योजना सिडबी या लघुउद्योग विकास बँकेमार्फत राबवली जाते. पोलाद मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी २००४ पासून राबवलेल्या रोलिंग मिल ऊर्जाबचत प्रकल्पाने देशभरातील मिलमध्ये सुधारित तापभट्ट्यांची जी उदाहरणे उभी केली, त्यांची शिकवणही या योजनांच्या मागे आहे.

या योजना पोलादाच्या व्यवसायाला लावताना मात्र एक अडचण समोर येते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार १०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघू मानला जातो. वर्षाला ३०,००० टन बिलेट विकणाऱ्या फर्नेसची उलाढाल, टनाला ४० हजार रुपये भाव धरला तरी, १२० कोटींवर जाते. म्हणजे कामगारसंख्येने, व्यवस्थापनाने आणि नफ्याने लहान असलेला कारखाना केवळ महाग कच्च्या मालाच्या उलाढालीमुळे मध्यम ठरतो, पाच टक्क्यांची सवलत तीनवर येते आणि केवळ सूक्ष्म-लघूंसाठी असलेली दारे बंद होतात. कापड, प्लास्टिक किंवा अन्नप्रक्रिया या व्यवसायांना योग्य वाटणारे वर्गीकरण धातुव्यवसायात असे उलटे पडते. साहाय्याचा निकष उलाढालीऐवजी ऊर्जावापर आणि संभाव्य कपात यांवर बेतला गेला, तर ही विसंगती दूर होऊ शकेल.

दुसरी अडचण विजेची आहे. वीज हा इंडक्शन फर्नेसच्या खर्चातील कच्च्या मालानंतरचा सर्वांत मोठा घटक. २०२४ मध्ये छत्तीसगढमध्ये वीजदर वाढल्यावर जुलैअखेरीस राज्यातील मिनी स्टील प्लांटनी निषेधार्थ उत्पादन बंद ठेवले होते, आणि पुढे राज्य मंत्रिमंडळाने या वर्गातील उद्योगांना ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या मुदतीसाठी युनिटमागे कमाल १ रुपयापर्यंत सवलत मंजूर केली. कारखाने आणि त्यांवरील रोजगार वाचवण्यासाठी अशी सवलत समजण्याजोगी आहे. परंतु वापरलेल्या प्रत्येक युनिटवर मिळणारी सरसकट सवलत वीज वाचवण्याची निकड कमी करते. तोच पैसा किंवा त्याचा काही भाग कार्यक्षम फर्नेस, उष्णता-बॉयलर आणि सौरवीज यांच्याशी बांधला असता, तर आजचा दिलासा उद्याच्या कपातीतही उतरला असता. केंद्राच्या २०२२ च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी अपारंपरिक वीज थेट विकत घेण्याची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे ही जोड आता नियमांच्या दृष्टीनेही शक्य झाली आहे.

हायड्रोजनचे आश्वासन आणि त्याचे प्रमाण

दीर्घ पल्ल्याचा विचार करताना कोळशाच्या जागी हायड्रोजन आणणे हाच मूलगामी उपाय ठरतो, कारण हायड्रोजनने खनिजातील प्राणवायू ओढून घेतल्यावर कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ बाहेर पडते. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात पोलाद-क्षेत्रातील प्रायोगिक प्रकल्पांसाठी ४५५ कोटी रुपये राखून ठेवले आहेत. २०२४ मध्ये निवडलेल्या प्रकल्पांत भिलाईच्या सिम्प्लेक्स कास्टिंग्ज या कंपनीचा, आयआयटी भिलाईच्या सहभागाने होणारा, दिवसाला ४० टन क्षमतेचा हायड्रोजन-आधारित स्पंज आयर्न प्रकल्प आहे. रायपूरपासून तासाभराच्या अंतरावरील उद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ही जबाबदारी मिळावी, ही या प्रदेशाच्या धातुज्ञानाला मिळालेली पावती आहे.

प्रमाणाचे भान मात्र सुटता कामा नये. दिवसाला ४० टन ही क्षमता रायपूरच्या लहानशा कोळसा-भट्टीपेक्षाही कमी आहे. एक टन स्पंज आयर्नसाठी ५५ ते ६० किलो हायड्रोजन आणि तो पाण्यापासून वेगळा करण्यासाठी किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे टनामागे सुमारे ३,००० युनिट, इंडक्शन फर्नेसच्या गरजेच्या चौपट. ही वीज कोळशाची असेल तर टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघेल आणि सगळा खटाटोप व्यर्थ जाईल. शिवाय हायड्रोजनची क्रिया उभ्या शाफ्ट भट्टीत होते. रोटरी किल्नमध्ये किरकोळ बदल करून ती साधत नाही. म्हणून प्रायोगिक प्रकल्पाला मदत करणे योग्यच असले, तरी पुढील दशकातील कपात मुख्यतः उष्णता, भंगार, वीज आणि तांदळाच्या तुसासारखे जैवइंधन यांतूनच यावी लागेल. भातशेतीच्या या प्रदेशात राइस मिलचे तूस विपुल आहे.

श्रीमंत देशांचा अनुभवही सावध करणारा आहे. जर्मनीने २०२४ मध्ये कार्बन-करारांचा लिलाव केला; त्यात हरित तंत्राने होणारा जादा खर्च आणि कार्बनचा बाजारभाव यांतील फरक शासन पंधरा वर्षे भरून देते, आणि बाजारभाव वाढल्यास कंपनीकडून परतही घेते. त्याच देशात आर्सेलर-मित्तल या कंपनीने जून २०२५ मध्ये ब्रेमेन आणि आयझनह्युटेनश्टाट येथील हायड्रोजनसज्ज भट्ट्यांची योजना सोडून दिली आणि त्यांसाठी मंजूर झालेल्या सुमारे १३० कोटी युरोंच्या अनुदानावर पाणी सोडले, कारण हायड्रोजन आणि वीज यांचे भाव गणितात बसत नव्हते. भांडवली अनुदान कितीही मोठे असले तरी रोजच्या इंधनाचा खर्च परवडला नाही तर ते कामी येत नाही.

ज्यांना धूळ दिसते त्यांचा हक्क

या सर्व हिशेबात एक पक्ष बहुधा अनुपस्थित असतो. सिलतरा आणि उर्ला यांच्या भोवतालच्या वस्त्यांना कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. त्यांना अंगणात, पाण्यावर आणि धानाच्या पानांवर बसणारी काळी धूळ दिसते. धूळ पकडणारे विद्युत-स्थितिक यंत्र चालवायला वीज लागते आणि रात्री ते बंद ठेवले जाते, ही देशातील स्पंज आयर्न पट्ट्यांतून वर्षानुवर्षे येणारी तक्रार आहे. वायूतील उष्णता बॉयलरकडे वळवली की तो वायू थंड होतो आणि धूळ पकडणे सोपे जाते. म्हणजे हवामानासाठी केलेले काम आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी केलेले काम पुष्कळदा एकच असते. तरीही योजनांच्या अटींत धुळीचा उल्लेख क्वचितच आढळतो. ज्या कारखान्याचे धूळ-मापन यंत्र सतत चालू नाही आणि ज्याच्या नोंदी लोकांना पाहायला मिळत नाहीत, त्याला सार्वजनिक पैशातून व्याजसवलत मिळू नये, ही अट कठोर नव्हे, न्याय्य आहे.

मदतीचा क्रम

रायपूरच्या गेल्या दोन दशकांच्या अनुभवातून शासकीय साहाय्याच्या क्रमाविषयी ठाम विधान करता येते. कारखान्याला उत्सर्जन घटवायला मदत करायची असेल, तर पहिला रुपया मोजणीसाठी आणि आराखड्यासाठी खर्च झाला पाहिजे. यंत्रासाठीचा रुपया त्यानंतरचा. क्योटोची यंत्रणा, पॅट, कार्बन बाजार आणि हरित पोलादाचे तारे या चारही रचनांचे दार मोजमाप, अहवाल आणि पडताळणी या एकाच किल्लीने उघडते, आणि ती किल्ली लहान भट्टीच्या मालकाकडे नाही. आपल्या टनामागे किती कोळसा जातो, बॉयलर बसवल्यास किती वाचेल आणि कर्ज किती वर्षांत फिटेल हे ज्याला कागदावर दाखवता येत नाही, त्याच्यासाठी जाहीर झालेली व्याजसवलत बँकेच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही.

हे काम प्रत्येक कारखान्यावर सोडण्याचीही गरज नाही. उर्ला-सिलतरा यांसारख्या एकवटलेल्या क्षेत्रात सामायिक मोजणी-केंद्र उभारता येईल, जेथे लेखापरीक्षक, कोळसा आणि वायू तपासणारी प्रयोगशाळा आणि प्रकल्प अहवाल तयार करणारा गट एका छताखाली असेल, आणि अनेक कारखान्यांच्या कपातीची एकत्र पडताळणी होऊन क्रेडिटचा खर्च वाटला जाईल. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली राज्याची नियुक्त संस्था असलेली क्रेडा, औद्योगिक क्षेत्रे सांभाळणारे राज्य औद्योगिक विकास महामंडळ, पर्यावरण संरक्षण मंडळ आणि या प्रदेशातील तंत्रशिक्षण-संस्था यांना एकत्र आणण्याचे काम राज्य शासनच करू शकते. १ नोव्हेंबर २०२४ पासून २०३० पर्यंत लागू असलेले छत्तीसगढचे औद्योगिक धोरण त्यासाठी पुरेसा अवधी देते.

२०३० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनामागील उत्सर्जन-तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी उतरवण्याचे आणि २०७० मध्ये नक्त शून्य गाठण्याचे वचन भारताने जगाला दिले आहे. युरोपीय संघाचा सीमा-कार्बन शुल्काचा निर्णायक टप्पा जानेवारी २०२६ पासून सुरू झाल्याने निर्यातदारांना कार्बनचा हिशेब टाळता येणार नाही. रायपूरची सळई देशातच खपत असल्यामुळे ती त्या शुल्कापासून आज दूर आहे, म्हणूनच तिच्यावर दबाव आणण्याचे आणि तिला आधार देण्याचे अशी दोन्ही कर्तव्ये भारतीय शासनावर आणि भारतीय ग्राहकावर येतात. मोठ्या कंपन्या सल्लागार नेमून आपला मार्ग शोधतील. लहान भट्ट्यांना मोजणीचे साधन, आराखड्याला परवडणारे कर्ज, तयार मालाला खरेदीची हमी आणि या सर्वांच्या बदल्यात जनतेसमोर खुला हिशेब, या क्रमाने मदत मिळाली, तर रायपूरचा पोलाद-पट्टा कामगारांची रोजी न गमावता बदलू शकेल. हा क्रम उलटा राहिला तर पैसा खर्च होईल, प्रमाणपत्रे छापली जातील आणि कोळसा पूर्वीइतकाच जळत राहील. तो धोका टाळणे आज शासनाच्या हाती आहे.